उद्यमनगरच्या मागं घर घेऊ का? (कोल्हापूर)

परतीचा_पाऊस

नमस्कार मंडळी. बारा वर्षं हिंजवडी-वाकड करून झालं, आता गाशा गुंडाळून कोल्हापूर. कंपनीनं घरून कामाला हो म्हटलंय, महिन्यातून दोनदा पुण्याला तोंड दाखवलं की झालं. मंगळवार पेठेतलं जुनं घर वाटण्यांत गेलं, त्यामुळं आई-बाबा सध्या भाड्यानं राहतात. आम्ही पाच जण : ते दोघं, आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. दोन फ्लॅट बघून ठेवलेत आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडलेत.

पहिला फ्लॅट उद्यमनगरच्या, म्हणजे शहरातल्या जुन्या कारखान्यांच्या वसाहतीच्या मागं, सुभाषनगरकडं जाताना. तिसरा मजला, दोन बेडरूम, लिफ्ट. खाली उतरलं की किराणा, मेडिकल, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, दोन दवाखाने. परवा बघायला गेलो तेव्हा आईनं येता-येता मेथीची जुडी घेतली, चपलेचा अंगठा शिवून घेतला, शिवाय तिच्या शाळेतल्या जुन्या बाई भेटल्या. पाऊण तास आम्ही गाडीत बसून तिची वाट बघत होतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत, गेल्या वर्षी त्यांच्याकडून स्कूटर काढून घेतली, त्याचा राग अजून गेलेला नाही. ते एवढंच म्हणाले, "इथं मला कुणाला 'सोड रे' म्हणावं लागणार नाही."

पण स्वयंपाकघराच्या गॅलरीत उभं राहिलं की समोर पत्र्याची शेड. मधे फक्त एक बोळ. आत कसलं तरी मशीन चालू होतं. एजंट म्हणाला, "काय नाही ओ, लेथ आहे. सवय होते." मुलीला थंडीत दम लागतो, पंप हाताशी ठेवावा लागतो. बायकोनं तिथंच मान हलवली.

दुसरा आर. के. नगरच्या पुढं, मोरेवाडीच्या बाजूला. नवी स्कीम, गेट, बाग, समोर टेकडी. मोकळं इतकं की मुलगी पोचल्या-पोचल्या पळत सुटली. पण दुधाची पिशवी आणायची तर गाडी काढा. बाबा बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "छान आहे. सॅनेटोरियमसारखं."

किंमत जवळपास सारखीच. उद्यमनगरच्या आसपास राहिलेल्यांनी खरं काय ते सांगावं. लेथची सवय होते का?

नाद_खुळा_९

घे भावा. रात्री दहाला खाली बुर्जीची गाडी लागती. विषय संपला.

कोथरूडकर

कारखान्याशेजारी लहान मूल घेऊन राहायचा विचारसुद्धा कसा करवतो? आर. के. नगर डोळे झाकून घ्या. आई-बाबांना ड्रायव्हर ठेवा.

लेथवरचा

लेथ लोखंड फिरवत कापतो, ग्राइंडर घासतो. एजंटला हा फरक कळत नसतो. त्याला ब्रोकरेज कळतं.

मी २६ वर्षं उद्यमनगरात आहे, त्याआधी वडील होते. शेजारी शेड आहे म्हणून घाबरू नका, पण आत काय चालतं ते बघितल्याशिवाय बयाणाही देऊ नका. नुसता लेथ किंवा सीएनसी, व्हीएमसी असली संगणकावर चालणारी मशीनं असतील तर घरघर आणि कूलंटचा (कापताना मशीनवर सोडतात त्या तेलकट पाण्याचा) जरा आंबूस वास, एवढंच. खिडकी लावली की विसरून जाल. त्यांचा कॉम्प्रेसर मात्र बऱ्याचदा बाहेर बोळात ठेवलेला असतो. तो दिवसभर गप असतो आणि नेमका बाळ झोपल्यावर फुसकारतो. पावडर कोटिंग किंवा पेंटिंगवाला असेल तर थिनरचा वास. पॉवर प्रेस असेल तर सरळ मागं फिरा. प्रेसचा आवाज कानानं नाही, फरशीतून येतो. मांडणीतल्या बश्या वाजतात.

आणि ग्राइंडिंग, म्हणजे फेटलिंग. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आला की त्याच्या कडेला फ्लॅश, म्हणजे जास्तीची धार असते, रायझर (ओतताना वर राहिलेला जास्तीचा तुकडा) तोडलेल्या जागी गाठ राहिलेली असते. ती हँड ग्राइंडरनं घासतात. ठिणग्या दिसतात त्यापेक्षा न दिसणारं जास्त उडतं. मुलीला दम लागतो म्हणालात म्हणून सांगतो, समोर हेच चालत असेल तर तो फ्लॅट नको.

भट्ट्या आता इथं फारशा राहिल्या नाहीत. शिरोलीला गेल्या, गोकुळ शिरगावला गेल्या, अलीकडं कागलच्या पंचतारांकित वसाहतीत. माझ्या लहानपणी क्युपोला (लोखंड वितळवायची उभी भट्टी) लागायचा त्या दिवशी आई आधी दोरीवरचं धुणं गोळा करायची, मग बाकीची कामं. राहिलंय ते मशिनिंग, टूलरूम, साच्यांचे नमुने करणारे पॅटर्नवाले आणि बेअरिंग-बेल्ट-नटबोल्टची दुकानं.

दुपारी अकराला एजंटबरोबर जाऊन काही कळणार नाही. रात्री साडेनऊला एकटे जा, टपरीवर चहा घ्या, तासभर थांबा. बोळात कुणाची शिफ्ट सुटते, कुणाचं शटर अर्धं उघडं असतं, सगळं दिसेल.

सागरमाळ_एक्सप्रेस

मी जवाहरनगरात वाढलो, लग्नानंतर सागरमाळाला आलो, म्हणजे उद्यमनगरला वळसा घालतच आयुष्य गेलं. चालायचं म्हणाल तर मी रोज चालतो. सकाळी सहाला फिरायला, नऊला मुलाला शाळेत सोडायला, संध्याकाळी भाजीला. राजारामपुरीत कपडे, भांडी, औषधं, बँक, काय म्हणाल ते चालत मिळतं. माझ्या सासूबाईंचा गुडघा बदलला, तीन महिन्यांनी त्या एकट्या जनता बाजार चौकापर्यंत जाऊन आल्या. मधे चार ओळखीच्या दुकानांत बसत-बसत. आर. के. नगरला मधे बसायला दुकान कुठाय?

पण 'चालायला सोयीचं' म्हणून जे डोळ्यांसमोर येतं तसं इथं नाही. फुटपाथ असला तर त्यावर टेम्पो असतो. हातगाडीतून सळया दोन-दोन फूट बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं बांधलं तर नशीब. पावसात कूलंट सांडलेल्या जागी पाय सटकतो, मी एकदा भाजीच्या पिशवीसकट बसलेलो आहे. सुट्टीच्या दिवशी शेडी बंद असतात तेव्हा मधली गल्ली इतकी सामसूम होते की मी मुलाला घेऊन लांबून जातो. चालू दिवशी मात्र रात्री साडेदहालाही भीती वाटत नाही. सेकंड शिफ्ट सुटलेली असते, टपऱ्या चालू असतात, उजेड असतो. एवढी वर्षं त्या पोरांनी कधी मान वर करून बघितलं नाही.

कोथरूडकर

दादा, सासूबाईंचा गुडघा वगैरे ठीक आहे, पण 'लग्नानंतर सागरमाळाला आलो' म्हणजे घरजावई का? :)

सागरमाळ_एक्सप्रेस

ताई आहे मी. कोल्हापुरात बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. बारा वर्षं पुण्यात राहिलेल्या धागाकर्त्याला विचारा, तो अजून विसरला नसेल.

परतीचा_पाऊस

विसरलेलो नाही. आई फोनवर 'मी जेवलो' म्हणाली की माझी मुलगी अजून मराठीचं व्याकरण सुधारते.

टेकडीपल्याड

मी सहा वर्षं मोरेवाडीच्या बाजूला राहतोय. दुसरी बाजू मांडतो, आणि ती सगळी गोड नाही.

मोकळेपणा खरा आहे. रात्री कुत्री सोडली तर आवाज नाही. डिसेंबरात सकाळी गॅलरीतून खाली शहराकडं बघितलं की धुराचा थर दिसतो आणि आपण त्याच्या वर आहोत याचं बरं वाटतं. मग आपण त्याच थरात गाडी चालवत मुलांना शाळेत सोडायला जातो.

तुमच्या स्कीमचा बिल्डर 'कोल्हापूर' म्हणून विकेल, पण ती महापालिकेत नाही, ग्रामपंचायतीत आहे. महापालिका झाली १९७२ साली, तेव्हापासून हद्दवाढ फक्त गाजतेय. २०१७ ला त्यावर तोडगा म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण केलं. प्राधिकरण बांधकामाचा नकाशा मंजूर करतं, नळाला पाणी आणून देत नाही. शहरात काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी आलं, आमच्याकडं सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एप्रिलपासून एकच चर्चा असते, टँकर किती वाजता. केएमटीची बस येते, पण तिच्या वेळेवर आपण चालायचं. घंटागाडी आली नाही की पलीकडच्या प्लॉटवर कचरा पेटवतात. म्हणजे धूर इथंही आहे, फक्त त्याला कारखान्याचं नाव नाही.

आणि हो, माझे वडील इथं आल्यापासून वर्षभरात बारीक झाले. आजार काही नाही. पेठेत रोज तालमीच्या कट्ट्यावर दोन तास जायचे, इथं क्लब हाऊसमध्ये कॅरम आहे, खेळायला कुणी नाही.

घर विकणार का विचाराल तर नाही. मला हवं होतं ते मिळालं. त्यांना नाही मिळालं.

नाद_खुळा_९

सॅनेटोरियम कन्फर्म.

झोनदाखला

सगळे आवाज आणि वासावर बोलताय, कागद कुणी बघितला का?

पहिली गोष्ट, तो फ्लॅट ज्या जमिनीवर आहे तिचा झोन. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला मिळतो. उद्यमनगरच्या कडेनं बऱ्याच जुन्या शेडी पाडून इमारती उभ्या राहिल्यात. औद्योगिक झोनमधल्या जमिनीवर अटी घालून निवासी बांधकामाची सोय नियमात आहे, म्हणजे ते बेकायदेशीर असेलच असं नाही. पण ज्यानं विकली त्याची शेड गेली, शेजारच्याची तिथंच आहे आणि ती चालवायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

हे का महत्त्वाचं? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. औद्योगिक भागासाठी ७५ आणि ७०. रात्र म्हणजे १० ते ६. उद्या तुम्ही तक्रार केलीत आणि भाग औद्योगिक निघाला, तर ४५ चं गाणं तुम्हाला गाता येणार नाही. ७० डेसिबल म्हणजे उशाशी व्हॅक्युम क्लीनर.

भोगवटा प्रमाणपत्र मागा. महारेराचा क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर मंजूर नकाशा उघडून बघा. त्यात शेजारच्या प्लॉटवर काय दाखवलंय तेही दिसू शकतं. आणि समोरच्या शेडला प्रदूषण मंडळाची संमती कुठल्या गटातली आहे, लाल (सगळ्यात जास्त प्रदूषणाची), नारिंगी की हिरवी, हे विचारून बघायला काहीच हरकत नाही. मालक बोर्डवर लावतात कधी-कधी.

पुराचंही बघा. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ आहे. राजारामपुरी, सुभाषनगर चढावर आहे, तिथं नदीचं पाणी येत नाही. पण जयंती नाल्याच्या कडेचा सखल भाग वेगळा. एका तासाच्या वळवात गुडघाभर पाणी होतं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, तुमची गाडी नाही.

कोल्हापुरी_मिरची

हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून प्रत्येक स्कीम 'कोर्टापासून दहा मिनिटं' झालीय. माझ्या भाडेकरूनं मला विचारलं, कोर्टात तुमची केस आहे का म्हणून एवढ्या जवळ राहता.

मोल्डरचा_मुलगा

हा धागा वाचून राहवलं नाही. पहिल्यांदाच लिहितोय.

माझे वडील मोल्डर होते, फौंड्रीत वाळूचे साचे करायचे. आम्ही यादवनगरात दोन खोल्यांत राहायचो. ते कामाला चालत जायचे, सात मिनिटं. दुपारी साडेबाराला भोंगा झाला की घरी जेवायला. आईनं भाकरी तव्यावर टाकायची आणि ते हात धुवायचे. पाणी पहिल्यांदा काळं, मग करडं, मग साबणाचं. तीन पाण्यांनंतर हात ताटात. आम्हा भावंडांना शाळेतून आलं की ते पानावर दिसायचे. बाप दुपारी घरी असतो हे मला सगळ्यांच्याच घरी असेल असं वाटायचं.

नंतर कारखाना शिरोलीला गेला. जायला बस, यायला बस, तावडे हॉटेलजवळ अडकायचं, वर ओव्हरटाइम. दुपारचा डबा. धुराडं आमच्या गल्लीतून गेलं ही गोष्ट खरी, आईचं धुणं पांढरं राहायला लागलं. आणि वडील रात्री आठला यायला लागले. आता तिथंच मी क्वालिटीत आहे. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला तेव्हा पुलाच्या अलीकडं उभं राहून कारखान्याला फोन करत होतो.

वडिलांना शेवटी छातीचा त्रास झाला. वाळूची धूळ आत काम करणाऱ्याला आधी धरते. म्हणून इथं कुणी 'काय होत नाही ओ' म्हणालं की मला राग येतो. आणि 'कारखान्याशेजारी माणसानं राहूच नये' म्हणालं की त्याहून जास्त येतो. आम्ही राहिलो की.

कोथरूडकर

माझा पहिला प्रतिसाद मागं घेत नाही, पण आवाज कमी करतो.

लेथवरचा

झोनदाखला यांनी बरोबर लिहिलंय. मला पुढचं सांगायचंय.

माझ्या शेडच्या मागं चार वर्षांपूर्वी पाच मजली इमारत झाली. तोपर्यंत मागं कुंपण आणि शेवग्याचं झाड. लोक राहायला आले आणि सहा महिन्यांत माझ्या नावानं अर्ज. मी कुठली भट्टी चालवत नाही, तीन सीएनसी आणि एक जुना लेथ. अर्जात लिहिलेलं, 'अचानक सुरू झालेला कारखाना'. शेडच्या दारावर वडिलांच्या हातचा रंगवलेला बोर्ड आहे, १९८१ चा.

बरं, अर्ज करणाऱ्यांतल्याच एकाचा मुलगा डिप्लोमा करून आला, त्याला मी ट्रेनिंगला ठेवला. तो आता चालत येतो. त्याच्या आईनं सांगितल्यावर मी कॉम्प्रेसर आतल्या बाजूला घेतला आणि खाली रबराच्या गाद्या टाकल्या, आठ हजार रुपये खर्च आला. आधीच येऊन सांगितलं असतं तर आधीच केला असता. अर्ज करायच्या आधी खाली उतरून चहा मागा, पुष्कळ गोष्टी मिटतात. सगळ्याच मिटतात असं म्हणत नाही. मालक भाडेकरू असेल आणि त्याला दोन वर्षांत जायचं असेल तर तो कशाला गाद्या घालेल.

गेज_आणि_गणित

निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर. धागाकर्त्यासाठी एक फुकटची तपासणी सांगतो.

जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि गॅलरीच्या कठड्यावरून, खिडकीच्या खाचेतून फिरवा. ग्राइंडिंगची धूळ असेल तर पिशवीला काळी दाढी येईल. पिशवी उलटी केली की चुंबक सुटतो, कीस पिशवीत राहतो. पांढऱ्या गाडीवर बारीक तांबूस ठिपके दिसतात ना, जे धुऊनही जात नाहीत, ते हेच. लोखंडाचा कण पेंटवर बसतो आणि तिथंच गंजतो. पार्किंगमधल्या पांढऱ्या गाड्यांची बॉनेटं बघून घ्या, सोसायटीचा सेक्रेटरी सांगणार नाही ते बॉनेट सांगेल.

दख्खनचा_दगड

वरच्या चाचणीत एक गडबड आहे. आपण बेसाल्टवर बसलोय आणि त्यात मॅग्नेटाइट असतंच. पावसानंतर रस्त्याच्या कडेला काळ्या बारीक वाळूच्या रेघा उमटतात, त्यात चुंबक घाला, तिथंही दाढी येते. पन्हाळ्यावर जाऊन केलीत तरी येईल. म्हणजे चुंबकाला चिकटलं म्हणून कारखाना दोषी ठरत नाही.

फरक करायचा असेल तर तो कीस ओल्या पांढऱ्या कागदावर झटका, वर मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. लोखंडाच्या कणाभोवती सकाळपर्यंत तांबडं वलय येईल. मॅग्नेटाइट आहे तसंच काळं राहील, ते आधीच ऑक्साइड आहे, एका रात्रीत त्याचं आणखी काय होणार.

गेज_आणि_गणित

मान्य. चाळीस वर्षं चुंबक वापरला, मिठाचं पाणी सुचलं नाही.

मोल्डरचा_मुलगा

आणि हे आत्ता करू नका. श्रावणात कठडे धुतलेलेच असतात. वारा पण पावसाळ्यात पश्चिमेकडचा, थंडीत पूर्वेचा. आज जी शेड तुमच्या वाऱ्याखाली आहे ती डिसेंबरात वर येते. शिवाय थंडीत सकाळी हवा खाली बसते, धूर उठतच नाही. बघायचं तर दिवाळीनंतर.

परतीचा_पाऊस

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बायकोला सगळा धागा वाचायला दिला. तिनं शेवटी विचारलं, चुंबक कुठाय? एजंटला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय, तो म्हणाला दोन पार्ट्या लाइनीत आहेत. असू देत.

कोल्हापुरी_मिरची

त्या दोन पार्ट्या माझ्याही फ्लॅटच्या लाइनीत होत्या. २०१४ पासून.

परतीचा_पाऊस

डिसेंबर उजाडला, धागा वर काढतोय.

आधी रात्रीचं. तीन वेळा गेलो, लेथवरचा यांनी सांगितलं तसं एकटा. टपरीवर उभा राहिलो की लोक आपोआप बोलतात. पहिल्या रात्री दहा वाजता समोरच्या शेडचं पुढचं शटर बंद झालं, मला वाटलं झालं. मग वीस मिनिटांनी मागच्या बाजूनं, म्हणजे नेमकं आमच्या होऊ घातलेल्या स्वयंपाकघराच्या बाजूनं, किर्रर्र सुरू. अकराला पाच कमी असताना थांबलं. दुसऱ्या रात्री काहीच नाही. तिसऱ्या रात्री परत.

चौथ्यांदा दिवसा गेलो आणि मालकाला चहा मागितला. माणूस चांगला. लेथ दोन आहेतच, पण मागच्या अंगाला एका पोराला कास्टिंग घासायला बसवलंय, ऑर्डर असेल तेव्हा रात्री. मागचं दार उघडं ठेवतो कारण आत धूळ राहते. "बाहेर गेली की बरं," म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच हसला. "तुम्ही बाहेरचेच की ओ." पंखा आणि धूळ ओढायची पिशवी बसवायचा विचार आहे, पण जागा भाड्याची आहे, करार मार्चमध्ये संपतोय. म्हणजे लेथवरचा यांनी लिहिलं होतं तसलाच मामला.

आता चुंबक. सोसायटीच्या वॉचमनला आधी वाटलं मी काहीतरी पुरतोय. तीन ठिकाणचा कीस आणला : त्या फ्लॅटची स्वयंपाकघराची गॅलरी, त्याच फ्लॅटची पुढची गॅलरी आणि आर. के. नगरची गॅलरी. तिन्ही ठिकाणी दाढी आली, दख्खनचा दगड यांनी वाचवलं नाहीतर मी दोन्ही घरं सोडली असती. मुलीनं तीन कागदांवर नावं घातली, मिठाचं पाणी तिनंच टाकलं. सकाळी आर. के. नगरचा कागद काळा. पुढच्या गॅलरीचा काळा, एक-दोन तांबूस ठिपके. स्वयंपाकघराच्या गॅलरीचा कागद बघून बायको काही बोलली नाही. तिखट सांडल्यासारखा झाला होता.

म्हणजे तो फ्लॅट गेला.

पण पुढच्या गॅलरीनं डोक्यात किडा सोडला. मधे इमारतच आडवी असली तर एवढा फरक पडतो? मग त्याच भागात शेडींकडं पाठ नसलेली घरं शोधायला लागलो. दोन गल्ल्या सोडून, राजारामपुरीच्या अंगाला, एक जुनी तीन मजली इमारत सापडली. पहिला मजला, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, मोरी अशी की बादली ठेवली की माणूस बाहेर. मागं शेड नाही, दुसऱ्या इमारतीचा जिना आहे. तिथले दोन कागद केले, दोन्ही काळे. झोन दाखल्यात निवासी. विकत नाही, अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं घेतोय, कारण बायकोची अट आहे, आख्खी थंडी मुलीचा पंप किती वेळा निघतो ते मोजायचं आणि मग बोलायचं. मुलीच्या डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले घर शेडपासून लांब घेताय हे ठीकच, पण मुलीची खोली रस्त्याच्या बाजूला देऊ नका.

कोल्हापूर शहरच हवेच्या बाबतीत देशाच्या यादीत आहे, २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या शहरांत आपलं नाव आहे. त्यामुळं इथं आलो म्हणजे हिमालयात आलो असं मानत नाही.

टेकडीपल्याड

आणि बाबा?

परतीचा_पाऊस

बाबांनी घर आतून अजून बघितलेलं नाही. खालच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडं स्टूल आहे, दोन्ही वेळा ते तिथंच बसले होते. आईनं वर जाऊन मोरी बघितली आणि खाली येऊन त्यांना सांगितलं, मोरी लहान आहे. ते म्हणाले, असू दे.

सागरमाळ_एक्सप्रेस

कुठली गल्ली ते इथं लिहू नका, मला मेसेज करा. सायकलवाला ओळखीचा निघाला तर भाडं पाचशेनं कमी करून देतो.

कोथरूडकर

'देतो'. आता कळलं.

नाद_खुळा_९

बुर्जीची गाडी त्या गल्लीत येत नाही पण. चौकापर्यंत चालायला लागतंय.

परतीचा_पाऊस

चार मिनिटं. काल मोजली.